शेवटचा रकाना

एकच सही राहिली आहे.

बाकी वही भरली.
प्रवेश, तिन्ही सोपान, राज्य पुरस्काराचा शिक्का,
जरा पुसट, कारण त्या दिवशी फेरीबोटीत
मांडवीचं पाणी उडालं माझ्यासकट वहीवर.
अठरा किलोमीटर चाललेल्या वाटेचा नकाशा,
त्यात दिवाडीच्या पूर्वेला जाऊन बसलेलं चोडण,
आणि त्याखाली लाल शाईत :
'पुन्हा काढ.'
खुंटागाठ मला झोपेतही येते.
झोळीची पट्टी बांधून बांधून
धाकट्याचा हात खरंच दुखायला लागला
तेव्हा कुठे कुंकळ्येकर बाई म्हणाल्या, जमलं.

राहिला शेवटचा रकाना :
सेवाप्रकल्प. एकूण तास.
'काम पूर्ण' आणि साक्षीदाराची सही.

साक्षीदार इनासबाब.
घर त्याचं चर्चच्या उतारावर,
जीव मानशीवर.
पहिल्या शनिवारी मी गेले
कडक इस्त्रीचा निळा गणवेश, शिट्टी, होकायंत्र.
त्यानं नखशिखान्त पाहिलं आणि विचारलं,
"लग्नाक वता?"

मग आठ महिने बांध.
कुर्ल्या बिळं करतात बांधाच्या पोटात.
बीळ बोटाएवढं,
भरतीला तेवढं पुरतं.
एका रात्रीत खारं पाणी शेतात शिरतं
आणि मग तीन वर्षं कोरगुटसुद्धा तिथे तोंड वासून मरतं.
तो चिखलाचा गोळा हातात द्यायचा.
"दाम."
मी दाबायचे.
"आनीक दाम."
वचन देताना आम्ही तीन बोटं वर करतो.
बिळात दोनच मावतात.
तिसरं बाहेर राहतं, बांधाला टेकून,
काहीतरी ऐकत असल्यासारखं.

त्याच्याकडे घड्याळ नाही.
तो पाण्याकडे पाठ करून विडी ओढायचा
आणि मध्येच उठायचा,
आणि त्याच क्षणी मानशीची फळी कुरकुरायची.
हे कुठल्या पदकात बसतं
मी पुस्तकात शोधलं होतं.

काल वही घेऊन गेले.
त्यानं हात धुतले, शर्टाला पुसले,
परत धुतले.
देवनागरी येत नाही त्याला, मीच वाचून दाखवलं :
कुमारी हेमाली उसपकर, एकशे बारा तास, काम पूर्ण.
"पूर्ण म्हणजे? सोंपलें?"
मी म्हटलं, हो, तसंच लिहायचं असतं.
तो मानशीकडे बघत राहिला.
एक कुर्ली आमच्या समोरच
कालच्या लिंपणावर चढून
कामाला लागली.
"सोंपलें म्हूण बरयलें तर
फाल्यां कोण येतलो?"

आणि 'काम पूर्ण'वर आडवी रेघ मारून,
रोमी अक्षरांत, जीभ दातांत धरून,
त्यानं लिहिलं :
चालू आसा.
खाली सही. एक चिखलाचं बोट. तारीख नाही.

बाईंनी कपाळाला हात लावला.
मग पर्समधून पांढऱ्या शाईची बाटली काढून दिली.
"शिबिरात पोचायच्या आधी नीट कर गो बाय,
राष्ट्रपतींच्या नावाचा कागद आहे."

पहाटेची फेरी. धुक्यात जुनं गोवं
अजून अर्धंच उगवलेलं.
पिशवीत दोर, पट्ट्या, वही, बाटली.
झाकण मी दोनदा उघडलं.
शाईला वास येतो,
चिखलाला येतो त्याहून वेगळा.
पाण्यात काही टाकायचं नसतं, हा आमचा नियमच आहे,
म्हणून बाटली परत पिशवीत ठेवली.

आज शनिवार. ओहोटी सव्वानऊला.
साधारण त्याच वेळी परीक्षक वही उघडतील
आणि तिकडे मानस उघडेल.
शेवटच्या पानावर त्यांचं बोट थांबलं,
तर जे आहे ते सांगेन.
माझ्या जागी धाकटा गेलाय.
काल रात्रभर नाही म्हणत होता,
हात दुखतो म्हणत होता.
निघताना त्याला एवढंच म्हटलं,
इस्त्रीचा शर्ट घालू नकोस.